नववा पैलवान आणि चष्म्यांचं तोरण

पोलादपुरात महाबळेश्वरचा रस्ता महामार्ग सोडून घाटाकडे वळतो, तिथे दर गुरुवारी सकाळी रांग लागायची. रेशनची नाही आणि डॉक्टरची तर नाहीच. टायरच्या दुकानाला लागून पत्र्याची एक शेड, शेडमध्ये माणसाच्या उंचीची लाकडी पेटी, पेटीला काचेचा पडदा, खाली एक दांडा आणि सहा बटणं. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांनी ओळखलं असेलच. व्हिडिओ गेम! ज्याच्यापायी आमच्या पिढीने शाळा बुडवली आणि बापाचा मार खाल्ला, त्याच पेटीसमोर आता बापमंडळी चपला काढून उभी होती.

गेम मारामारीचा. आठ पैलवान, एकेकाला लोळवत जायचं. आठवा पडला की पडदा दोन-तीन सेकंद पांढराफटक व्हायचा आणि त्या पांढऱ्यावर मधोमध एक काळसर सावली दिसायची. फाकवलेले पाय, वर केलेले दोन्ही हात, डोक्यावर कसला तरी बोजा आणि पायांखाली अक्षरांसारखी एक पुसट ओळ, भक्तांच्या मते मंत्र.

“आला! सोमाबाबा आला!” पुढचे ओरडायचे. मागच्यांना समोरच्याच्या मानेशिवाय काही दिसायचं नाही, पण हात तेही जोडायचे. तेवढ्यात पडदा बदलायचा आणि बाबा अंतर्धान पावायचे.

पेटीला टेकून पांढऱ्या सदऱ्यात दत्ताराम उभा असायचा. ज्यांना खेळता येत नाही त्यांच्या वतीने आठही पैलवान तोच लोळवायचा आणि लोळवता लोळवता तोंड चालू.

“ढकलाढकली करू नका. हा साधासुधा गेम नाय. हा नववा पैलवान, कंपनीनं लपवलेला. जपानच्या इंजिनियरला सापडला नाय, तो पोलादपुरात प्रकटला. मन क्लिअर तर नजर क्लिअर. एकवीस दिवस चष्मा नाय, डोळ्यात थेंब नाय, पट्टी नाय. काच काचेला आडवी येते. तीन गुरुवार, तीन दर्शनं, नंबर झिरो!”

जपानचा इंजिनियर पोलादपुरात नेमका कुठल्या लॉजवर उतरला होता, असं मी विचारलं. मला रांगेत मागे पाठवण्यात आलं.

खेळ सुरू करण्याआधी देवळात लावतात तसा कौल लागायचा. दांड्याच्या गोळ्यावर तांदळाचे दोन दाणे ठेवायचे. उजवीकडे पडले तर बाबांची परवानगी. दाणे नेहमी उजवीकडेच पडत, कारण शेडची फरशी उजवीकडच्या गटाराकडे उतरती होती. उदबत्तीही जळायची आणि लोबानही. गिऱ्हाईक कुणाच्याही घरचं असो, धूर आपला वाटला पाहिजे.

आणि पेटीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक दोरी. दोरीला चष्मे. भक्तांनी बाबांना वाहिलेले. सोनेरी काड्यांचे, जाड काळे, एका काचेला तडा गेलेले, एक तर दोऱ्याने बांधलेला. मी मोजले तेव्हा एकेचाळीस होते. लोकांनी दारावर आंब्याच्या पानांचं तोरण लावावं तसं दत्तारामने गावाच्या नजरेचं तोरण लावलं होतं.

मी उबेद. पोलादपूरच्या एका शाळेत गणित शिकवतो, राहायला महाडला. आमच्या बैठकीच्या खोलीत साडेसात फुटांवर २०२१ च्या पुराची रेघ आहे. दोनदा रंग दिला, तरी पावसाळा आला की रेघ वर येते. माझी भाची तसनीम दर ईदला त्या रेघेखाली उभी राहते आणि अजून किती उंच व्हायचं ते मोजते. ही तसनीम पुढे येणारच आहे. त्याआधी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे माझ्या मनावरचं ओझं तरी उतरेल.

सोमाबाबाला जन्म मी दिला आहे.

पंच्याण्णव साल, मी सहावीत. महाडच्या बाजारात अझीमभाईंनी मुंबईहून जुनी पेटी आणली. रुपयाला एक डाव. माझ्याकडे रुपया कधीच नसायचा, म्हणून मी बाजूला उभा राहून दुसऱ्यांचे डाव बघायचो आणि शहाणपणा शिकवायचो. बघून बघून एक गोष्ट लक्षात आली. आठवा पैलवान पडला की पांढऱ्या पडद्यावर क्षणभर सावली दिसते. सावली हुबेहूब आमच्या बाजारातल्या सोमा हमालासारखी, डोक्यावर तांदळाचं पोतं घेतलेली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जाहीर केलं. “गेममध्ये नववा पैलवान आहे. सोमा नाव. लपलेला आहे. त्याला बाहेर काढायचं तर एका पायावर उभं राहायचं, डावी चप्पल डोक्यावर धरायची आणि उजव्या हाताने खेळायचं.”

वर्गातल्या एका मुलाने ते केलं. दत्ताराम. अर्धा तास तो एका पायावर उभा होता, डोक्यावर चप्पल, आणि आम्ही मागे टाळ्या पिटत होतो. शेवटी अझीमभाईंनी त्याला बखोट धरून बाहेर काढलं. आम्ही आठवडाभर हसलो. मी तर सगळ्यात जास्त.

पुढे अझीमभाई कुवेतला गेले. पेटी त्यांच्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर पडून राहिली. दत्ताराम मुंबईत व्हिडिओ गेम दुरुस्त करायच्या कामाला लागला. पंधरा वर्षांनी ते धंदे बुडाले, तेव्हा गावी परतला आणि अझीमभाईंच्या घरच्यांकडून तीच पेटी घेऊन त्याने पोलादपुरात मांडली. “महाड बुडालं, पण पुराचं पाणी बाबांच्या पायाशी येऊन मागं फिरलं,” असं तो सांगे. पेटी दुसऱ्या मजल्यावर होती आणि पाणी शेजारच्या विड्यांच्या गठ्ठ्यांच्याही पायाशी येऊन मागे फिरलं होतं, हे तो सांगत नसे.

एवढ्यावर मी हसून सोडून दिलं असतं. पण एकेचाळीस चष्मे मोजताना सत्ताविसाव्याशी माझं बोट थांबलं. निळी फ्रेम, काडीला पिवळा दोरा. आणि त्याच्याशेजारी पिनेने अडकवलेली, डोळ्यावर चिकटवायची पट्टी.

तसनीमचा डावा डोळा आळशी आहे. डोळ्याला रोग नाही, पण उजवा चांगला चालतो म्हणून मेंदूने डाव्याकडे बघणंच सोडलं आहे. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं: रोज सहा तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, वर चष्मा, म्हणजे आळशाला झक मारत काम करावं लागेल. मुलगी नऊ वर्षांची आहे. आत्ता नेटाने केलं तर डोळा कामाला लागेल, वय वाढेल तसं हे अवघड होत जाईल. एक आठवडाही वाया घालवू नका, असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मी पोलादपुरातच राहणाऱ्या बहिणीच्या घरी गेलो. मासूमाआपा भाकऱ्या थापत होती.

“आपा, तसनीमचा चष्मा त्या दोरीवर काय करतोय?”

“सगळ्यांचे करतायत तेच.”

“डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?”

“दोन वर्षं सांगितली होती. दत्ताराम एकवीस दिवस म्हणतो.” तिने भाकरी तव्यावर आपटली. “शाळेत हिला काय म्हणतात माहीत आहे तुला? ‘बंद दुकान’ म्हणतात. रोज रडत घरी येते. हिचे अब्बा दुबईला, तू महाडला. पट्टी लावताना हिचे हात मीच धरते ना? तू गणिताचा मास्तर, तूच सांग, दोन वर्षं मोठी की एकवीस दिवस?”

उत्तर होतं, पण ते तव्यासमोर उभ्या असलेल्या, थकलेल्या बाईला द्यायचं नव्हतं.

तसनीम दारात उभी होती. “मामू, आठ दिवस झालेत. आता आठ दिवसांत कुणीच चिडवलं नाही.” हे तिने इतक्या आनंदाने सांगितलं की मला फार वाईट वाटलं. पट्टी नव्हती म्हणून कुणी चिडवलं नाही, आणि पट्टी नव्हती म्हणून डावा डोळा आठ दिवस पुन्हा झोपून राहिला होता. एवढं सगळं माझ्या सहावीतल्या एका थापेपायी.

शनिवारीही शेडसमोर भक्त जमले होते. मी पुढे झालो आणि मोठ्याने कबुली दिली. “ऐका! नववा पैलवान वगैरे काही नाही. ही थाप मी मारली होती, सहावीत असताना. सोमा हे नाव मी ठेवलं.”

मग पांडू पुढे आला. पांडू महाबळेश्वरची जीप चालवतो. त्याचाही चष्मा दोरीवर होता, आणि परवा घाटात त्याने मैलाच्या दगडापाशी जीप थांबवून “येतंस का रे?” असं विचारलं, हे त्याच्याच जीपमधले प्रवासी सांगत होते.

“सर,” पांडू हात जोडून म्हणाला, “म्हंजे तुमाला एवढ्या लहानपणीच दर्शन झालं?”

“अरे दर्शन नाही, थाप!”

“थाप मारायला नाव कुठून सुचलं मग? कुणीतरी सुचवलंच की.”

दत्ताराम समजूतदारपणे हसला. “उबेदला बाबांनी निवडलावता. पण त्यानं थट्टा केली. म्हणून बघा, डोक्यावर केस राहिलं नाय.”

सगळ्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. पुरावा बिनतोड होता.

मग मला वाटलं, जिता-जागता सोमाच आणून उभा करावा. सोमा हमाल आता पंचाहत्तरीच्या घरात, महाडमध्येच असतो. एक प्लेट कांदाभजी कबूल केली तेव्हा यायला तयार झाला. रविवारी मी त्याला घेऊन गेलो.

“हा सोमा,” मी म्हणालो. “ह्याला बघून मी ते नाव ठेवलं. सोमाकाका, तुम्हीच सांगा.”

“मी सोमा. चाळीस वरसं पोती उचलली,” सोमा म्हणाला. “डोल्यांचं म्हनाल तर मलाच दिसत नव्हतं. दोनी डोल्यांचा मोतीबिंदू काढलाय सरकारी दवाखान्यात.”

मला वाटलं, झालं, संपला खेळ. जो दुसऱ्यांना नजर देतो त्याला स्वतःला दवाखान्यात जावं लागलं, याहून सरळ हिशेब कुठला? मी दत्तारामकडे विजयाने बघितलं.

दत्तारामचे डोळे भरून आले होते. कसे भरून आणायचे हे त्याला येत होतं. “ऐकलंव? ऐकलंव ना? आपल्या सगळ्यांचा मोतीबिंदू बाबांनी स्वतःच्या डोळ्यांत घेतला!”

पुढचं मी काय सांगू? आधी पांडू सोमाच्या पाया पडला, मग दहा जण, मग रांग.

“माज्या पाया काय पडताव रं? गुडगं धरून बसलोय मी!” सोमा ओरडत होता. पण नारळ यायला लागले तसा तो गप्प झाला. संध्याकाळी महाडला परतताना त्याच्याकडे अकरा नारळ, एक धोतर आणि पेढ्यांचा पुडा होता.

“सर,” उतरताना तो म्हणाला, “आता परत कदी न्यायचं मला?”

थाप मारायला मला एक मधली सुट्टी पुरली होती. ती मागे घ्यायला दोन दिवस आणि एक जिवंत साक्षीदार पुरले नाहीत. त्या रात्री मी रेघेखाली बसून स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्या.

मंगळवारी तारांच्या कामासाठी दुपारभर लाईट नव्हती. लाईट नसली की दत्ताराम पेटीवर जाड काळं फडकं टाकून जेवायला जायचा. “बाबा झोपलं हायत. देवाला उघड्यावर झोपवीत नाय.” फडक्याला हात लावायचा नाही आणि शेडमध्ये बॅटरी लावायची नाही, हे त्याचे दोन कडक नियम.

दुपारी तीनच्या सुमारास तसनीम धापा टाकत माझ्या शाळेच्या व्हरांड्यात आली. दप्तर उघडं, केसांत कोळिष्टक.

“मामू, मी फडक्याखाली गेले होते.”

“कशाला?”

तिने मान खाली घातली. “बाबांना सांगायला. दोन गुरुवारी मी खोटं बोलले. मला काहीच दिसलं नव्हतं, सगळे ओरडले म्हणून मी पण ओरडले. मग खोट्या माणसाचा डोळा कसा बरा होणार? म्हणून गुपचूप सॉरी म्हणायला गेले.” अब्बांनी दुबईहून पाठवलेली पेनाएवढी बॅटरी तिच्या मुठीत होती. “अंधार होता म्हणून ही लावली. आणि मामू, बाबा होते तिथं! लाईट नसताना! मी काचेला नाक लावलं तेव्हा एवढे मोठे दिसले.”

“लाईट नसताना?” मी उठून उभा राहिलो.

“हो. आणि त्यांच्या पायाखाली तो मंत्र आहे ना, तो मंत्र नाहीये. इंग्लिश आहे. मी उतरवून आणला.”

तिने वही पुढे केली. मोठी, वाकडी, पेन्सिलीने गिरवलेली अक्षरं. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने मला वाचून दाखवलं. दोन शब्द होते. इन्सर्ट कॉइन.

“म्हणजे काय मामू?”

“नाणं टाका.”

तिने पुन्हा वहीकडे बघितलं. “बाबा पैसे मागतात?”

मी एवढ्याने हसलो की शेजारच्या वर्गातून मॅडम बघायला आल्या. तीस वर्षं ती सावली माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मला तिची फक्त गंमत सुचली होती. ती आली कुठून हे मी कधी विचारलंच नव्हतं. बाकावर बसून मी तसनीमला समजावलं. जुन्या पडद्याच्या काचेला आतून एक लेप असतो. आतून विजेचा मारा बसला की लेप उजळतो, तेच आपल्याला चित्र दिसतं. पण एकच चित्र एकाच जागी वर्षानुवर्षं ठेवलं, तर तेवढा लेप भाजतो आणि निकामी होतो. अझीमभाईंनी पेटी आणली त्याआधी मुंबईत तिच्यात कुठलातरी दुसरा गेम होता. गिऱ्हाईक नसताना त्याच्या पडद्यावर दगड उचललेला एक गडी उभा असणार आणि त्याच्याखाली ‘नाणं टाका’. दिवसभर, रोज, कित्येक वर्षं. पुढे आतला गेम बदलला, काच तीच राहिली. म्हणून पडदा पांढरा झाला की बाकी सगळं उजळतं आणि भाजलेला भाग तेवढा काळा राहतो.

“जळलेल्या तव्यासारखं?” तिने विचारलं.

“तसंच.”

ती वही मिटून बसली. एक डोळा हाताने झाकून समोरच्या झाडाकडे बघायला लागली, मग दुसरा झाकून.

गुरुवार आला. तसनीमचं तिसरं दर्शन, म्हणून रांगेत तिचा हक्काचा नंबर होता. आपा सोबत होती. मी मागे भिंतीपाशी, बटणाच्या बोर्डाजवळ जाऊन उभा राहिलो. दत्तारामने आठवा पैलवान पाडला, पडदा पांढरा झाला, लोक ओरडले.

“दत्तारामकाका,” तसनीम म्हणाली, “एकदा लाईट बंद करा ना.”

“लाईट बंद केली की बाबा जातात गो, बाय.”

“मंगळवारी नव्हते गेले.”

दत्तारामचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. मी बटण बंद केलं. पडदा विझला आणि दत्ताराम झडप घालून फडक्याकडे धावला. तेच त्याचं चुकलं.

“थांब दत्ता,” मी म्हणालो. “मंगळवारी म्हणालास बाबा झोपलेत, आज म्हणतोस जातात. मग गेलेल्या बाबांना झाकतोस कशाला?”

पांडूने डोकं खाजवलं. “व्हय की रे. झाकतंस काय?”

तसनीमने पेनाएवढी बॅटरी काचेला तिरकी लावली. पुढच्या दहा-बारा जणांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. विझलेल्या, करड्या काचेवर तो उभा होता. फाकवलेले पाय, वर केलेले हात. विजेचा पत्ता नाही, तरी जागचा हललेला नाही.

दत्ताराम मोठा हुशार माणूस. एका श्वासात त्याने स्वतःला सावरलं आणि दोन्ही हात उंचावले. “बघा! बघा! विजेशिवाय बाबा उभं! आजपर्यंत असा चमत्कार झालावता का? ह्या लेकराच्या पुण्याईनं आज...”

आणि काय सांगू, हात जोडले जायला लागले. आपाचेही उठले. मी कपाळावर हात मारला. लेप, वीज, भाजणं, सगळं पाठ करून आलो होतो, पण त्या गजरात माझं ऐकणार कोण?

तसनीम मात्र बॅटरी धरून तशीच उभी होती. “काका,” तिने अगदी साधेपणाने विचारलं, “महाडला मामूच्या घरात भिंतीवर पुराची रेघ आहे. रंग दिला तरी जात नाही. म्हणजे घरात अजून पाणी आहे का?”

त्या शेडमध्ये निम्मे लोक महाडशी नातं असलेले. पुराची रेघ नाही असं घर त्यांच्या माहितीत नव्हतं. कपाटं धुतलेले, चिखल उपसलेले, धान्य फेकलेले लोक होते ते. रेघ म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिली हसली ती तुळजाबाई. महाडची म्हातारी, पुरात दोन दिवस माळ्यावर काढलेली. “गो माझे बाय! तसं असतं तर मी आजून माळ्यावरच बसली असती!”

हसू मागे मागे सरकत गेलं. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “पण खाली लिवलंय काय?”

पांडू वाकला. डोळे बारीक केले, मोठे केले, मान तिरकी केली. “काय दिसत नाय बा. थांबा.” आणि दोरीपाशी जाऊन त्याने आपला चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

त्यानंतर जे झालं ते माझ्या शंभर भाषणांनी झालं नसतं. बाबांच्या पायाखालचं वाचायचं म्हणून जो तो दोरीकडे धावला. “हा माझा!” “अहो, तुमचा सोनेरी, हा माझा!” “काडी मोडू नको गो!” दोन मिनिटांत तोरण रिकामं झालं आणि एकेचाळीस माणसं चष्मे लावून काचेवर ओणवी झाली. पांडू लाकडी फळीवर बोट टेकवून, पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर जुळवत वाचत होता.

“इन्सर्ट... कॉइन.” तो सरळ झाला. “आयला! हे तर नाणं टाका म्हनतंय!”

“पंधरा दिवस मी ह्याला मंत्र म्हणून हात जोडले,” मागून एक बाई चिडून म्हणाली. मग मात्र पत्रे हादरतील असं हसणं झालं. लेप आणि वीज मी त्यानंतर सांगितली, आणि हसून मोकळ्या झालेल्या माणसांनी ती नीट ऐकून घेतली.

शेड रिकामी झाल्यावर दत्ताराम एका जुन्या टायरवर बसला होता. मी शेजारच्या टायरवर बसलो.

“तुला माहीत होतं.”

“मुंबईत पंधरा वरसं हेच काम केलं. डाग बघितला नि कळलं.” तो जमिनीकडे बघत होता. “पण सहावीत नव्हतं माहीत. त्या दिवशी मला खरंच दिसलावता रे तो. पाय भरून आलावता, पण मी घरी धावत गेलो, आईला सांगितलं, मला नववा पैलवान दिसला. तू वर्गात दुसऱ्या दिवशी हसलास. तवा तरी सांगायचंस, दत्त्या, मस्करी केली.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो. तीस वर्षं उशिरा, पण मनापासून म्हणालो. “माफ कर.”

“माफ करायला मी काय बाबा हाय?”

आम्ही दोघेही थोडं हसलो. पण मला तेवढ्यावर उठवेना. “दत्ता, माझी थाप तुझ्या पायावर गेली, तू अर्धा तास उभा राहिलास. तुझी थाप माझ्या भाचीच्या डोळ्यावर गेली. पंधरा दिवस. ते परत आणता येत नाहीत. आणि पांडू चष्म्याशिवाय आंबेनळी घाट चालवत होता. विचार कर.”

दुसऱ्या दिवशी त्याने दोरी काढली. पेटी अजून तिथेच आहे. वर खडूने लिहिलं आहे: ‘पैलवान गेम. दहा रुपये. डाग जुना आहे.’ धंदा बरा चालतो. सोमा हमाल मधे एकदा येऊन नारळांची चौकशी करून गेला.

तसनीमने त्याच दिवशी पट्टी लावली. आपाने हात धरले नाहीत, धरावे लागले नाहीत. डॉक्टरीणबाई पंधरा दिवसांबद्दल माझ्यावर चांगल्याच चिडल्या, आणि ते मला योग्य वाटलं. काल चार महिन्यांनी तपासणी झाली. उजवा डोळा झाकून तसनीम तक्त्यासमोर बसली. पूर्वी डाव्या डोळ्याने दुसऱ्या ओळीला अडायची. काल तिसरी वाचली, चौथी वाचली, थांबत, अडखळत, पण वाचली.

“अजून खाली बघ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“खाली नाणं टाका लिहिलंय का?” तिने विचारलं. डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही, आणि मी खोलीबाहेर जाऊन डोळे पुसले.

वाचकहो, मी तुम्हाला कशावर विश्वास ठेवू नका असं सांगायला बसलेलो नाही. थापा मारणाऱ्या माणसाने ते सांगू नये. एवढंच सांगतो की सावली दिसली तर हात जोडायच्या आधी जवळ जा. नाक लावा. ती आली कुठून ते विचारा. कुणी फडकं टाकत असेल तर का टाकतो ते विचारा. आणि बघायच्या आधी कुणी चष्मा काढायला सांगत असेल, तर तिथेच समजा की तुम्ही नीट बघितलेलं त्याला नको आहे.

परवा मधल्या सुट्टीत मी तसनीमच्या शाळेवरून जात होतो. कुंपणापलीकडे एक पोरगा आठ-दहा जणांना गोळा करून सांगत होता, “दत्तारामच्या पेटीत दहावा पैलवान पण हाय. लपलेला. आईशप्पथ!” मी कुंपणापाशी थांबलो. तेवढ्यात घोळक्यातली, डोळ्यावर पट्टी आणि पट्टीवर निळा चष्मा लावलेली एक मुलगी पुढे झाली आणि तिच्यामागोमाग सगळा घोळका एका सुरात ओरडला,

“लाईट बंद करून बघितलंस का?”